जाणकाराचं नाक

मावशीच्या रोपवाटिकेत दोन लिली शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही केशरी, दोन्हींवर काळे ठिपके, अगदी जुळ्या बहिणी. एकीच्या पानांच्या बेचक्यात मिरीएवढे काळे कंद धरतात, दुसरीच्या धरत नाहीत. फरक काय तो एवढाच. नीट विचारणाऱ्याला मावशी तो लगेच दाखवते. अक्कल पाजळणारे लोक माझ्या डोक्यात जातात, मावशीला मात्र ती पर्वणी वाटते. “तुमच्यासारख्या जाणकारानं वासावरूनच ओळखावं,” ती म्हणते. “नाक चांगलं आत घाला.” वास दोन्हींना नसतो. पराग मात्र भरपूर असतात, आणि जाणकार तांबडं नाक मिरवत घरी जातो.

असाच एक शहाणा दुसऱ्या दिवशी नाक न पुसताच परत आला. म्हणाला, “नीटसं कळलं नाही. पुन्हा वास घेऊ का?” तेच आमचे काका.

लग्नाला तीस वर्षं झाली. बहर आला की काका अजून फुलात नाक खुपसतात, चुकीचं नाव सांगतात, आणि मावशी तोंड फिरवून हसते. ते काळे कंद काकांनी पहिल्याच दिवशी पाहिले होते, हे त्यांनी फक्त मला सांगितलंय.