हौसेरावांची इंग्रजी यादी

बाळाबाईंना पहिला संशय आला तो हळदीच्या पाकिटावरून. हळद डब्यात ओतून रिकामं पाकीट त्यांनी ओट्यावर ठेवलं, मागं वळल्या, तोवर पाकीट गायब. मग गोळ्यांचा खोका गेला. मग अंगाच्या साबणाचा कागद. घरात माणसं चार. मुलगा धनाजी आणि सून दिवसभर कामावर. राहिले कोण? बाळाबाई आणि त्यांचे मालक हौसेराव. आणि बाळाबाई तर काही चोरत नव्हत्या.

हौसेरावांनी पस्तीस वर्षं तुर्भ्याच्या धान्य बाजारात माथाडी म्हणून पोती वाहिली. शाळा दुसरीपर्यंत. सगळा जन्म शिरवणे गावातल्या एका खोलीत गेला, आणि म्हातारपणी धनाजीनं उचलून खारघरला सातव्या मजल्यावर आणून ठेवलं. तिथं आल्यावर सहा महिने हा माणूस भिंतीकडं तोंड करून बसला. जेवा म्हटलं की जेवायचा, निजा म्हटलं की निजायचा. बोलणं बंद.

मग सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या मंडळात एक खेळ निघाला. शाळेतून निवृत्त झालेल्या शर्मिलाबाई दर बुधवारी फळ्यावर तीन इंग्रजी अक्षरं लिहायच्या. ती तिन्ही ज्यात सापडतील असे शब्द पुढच्या बुधवारी लिहून आणायचे. अक्षरं मागंपुढं झाली तरी चालतील. फोनवर शोधायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. ज्याची यादी लांब, त्याला पुढची अक्षरं सांगायचा मान.

हौसेराव गेले काय आणि ओळीनं तीन बुधवार जिंकले काय! आता ते सकाळी उठून दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे, लिफ्टमध्ये भेटेल त्याला रामराम घालायचे.

बाळाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला तो धसका. इंग्रजीत स्वतःचं नाव लिहिता येत नाही तो माणूस 'ट्रीटमेंट' लिहितो?

"अवं, खरं सांगा. कोन सांगतंय तुमास्नी?"

"कोन सांगनार?"

"मग दुपारचं पिशवी घेऊन कुठं जाता?"

"खाली."

"खाली कुठं?"

"खाली म्हंजे खाली. वर न्हाय."

एवढ्यावर गप्प बसतील तर त्या बाळाबाई कसल्या! त्यांनी उशी उचलून पाहिली. सदऱ्याचे खिसे उलटे केले. पेन्सिलीचं थोटूक निघालं आणि तो गोळ्यांचा खोका, त्यावर एका शब्दाखाली रेघ. दुसऱ्या दिवशी गुडघे धरत जिन्यानं त्या नवऱ्याच्या मागावर गेल्या. वॉचमन गोटीरामच्या खोलीमागं रद्दीच्या गठ्ठ्यावर हौसेराव पाठमोरे बसले होते. शेजारी गोटीराम, त्याच्या हातात फोन.

झालं. हाच तो, फितूर मेला!

बुधवारी त्या मुद्दाम मंडळात जाऊन मागच्या खुर्चीवर बसल्या. तिथं गेल्यावर कळलं, संशय घेणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या.

"हौसेराव, राग मानू नका," शर्मिलाबाई म्हणाल्या. "फोनवर तीन अक्षरं टाकली की शब्दांची रांग लागते. आज तुमची यादी मी सगळ्यांसमोर तपासणार आहे. फोनवरून उतरवलेली निघाली तर मंडळातून नाव कमी होईल. नियम सगळ्यांना सारखा."

बाळाबाईंना डोळ्यांसमोर ती भिंत दिसली. नाव कमी झालं तर हा माणूस परत तिच्याकडं तोंड करून बसणार, आणि या खेपेला उठायचा नाही.

त्या आठवड्याची अक्षरं होती एम, आर आणि टी. शर्मिलाबाई वाचू लागल्या. "मेट्रो. मीटर. रिमोट. अपार्टमेंट. टर्मरिक... टर्मरिक म्हणजे काय, सांगा बघू?"

"म्हाईत न्हाय. हळदीच्या पाकिटावर हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. बाळाबाईंनी कपाळाला हात लावला, पण पाकिटाचा छडा तर लागला!

शेवटच्या ओळीवर शर्मिलाबाई अडल्या. त्यांनी चष्मा पुसून परत घातला. "आणि हे काय? एम, आर, टी, के. भोवती चौकट काढलीय. हा कुठला शब्द?"

"मुगाचा," हौसेराव म्हणाले.

"मुगाचा?"

"पोत्यावरचा मार्का हाय त्यो. अक्षरं हायत की त्यात तिन्ही."

मंडळ खो खो हसत सुटलं. हौसेरावांची मान खाली गेली. आणि मागची खुर्ची करकरली.

"बाई, एक काम करा," बाळाबाई उभ्या राहिल्या. "ह्यो मार्का मी बी वळखते. सतरा नंबरच्या गाळ्यात मूग चाळायला बसायची मी. तुमच्या फोनला सांगा, ह्यो शब्द काढून दाखव म्हनून. फोनवरनं उतरवलं असंल तर फोनला ठावं पायजे."

शर्मिलाबाईंनी फोन काढला. अक्षरं टाकली, खूप वेळ बोट सरकवलं. "नाही इथं," त्या हळूच म्हणाल्या. "पण मग बाकीचे शब्द कसे शोधले हो तुम्ही?"

"थप्पीत दोन-दोनशे पोती असायची. त्यातनं आपल्या गाळ्याची तेवढी काढायची. वाचत कोन बसतंय? नुसता डोळा फिरवायचा. तसाच पेपरावर फिरवतो." हौसेरावांनी पिशवी उलटी केली. पाकिटं, खोके, इंग्रजी पेपरांची कात्रणं, आणि प्रत्येकावर पेन्सिलीची रेघ.

मार्का काही शब्द धरला गेला नाही. एका शब्दानं बँकेतले रणजीतराव जिंकले. पण शर्मिलाबाईंनी हौसेरावांचं नाव वहीत होतं तिथंच ठेवलं आणि पुढच्या बुधवारी पुढच्या रांगेत बसायला बजावलं.

घरी येताना बाळाबाईंनी विचारलंच. "आन् गोटीराम फोनमध्ये काय बघतो?"

"क्रिकेट. मला बी बघू देत न्हाय."

दुसऱ्या दिवशी रात्री बाळाबाईंनी तेलाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, हौसेरावांच्या ताटाशेजारी ठेवली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरांची नुसती गर्दी होती.

"अगं, नियम हाय. कुनाची मदत घ्यायची न्हाय."

"मदत कोन करतंय? कचऱ्यात टाकायला ठेवलीय," बाळाबाई म्हणाल्या, आणि सुनेनं पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडं बघून घेतलं.