अकरावं काडतूस

ऑस्ट्रेलियात स्प्रिंगफील्ड लेक्सला घर घेतल्यावर मी जवळच्या पिस्तूल क्लबात जायला लागले आणि वर्षभरात सेक्रेटरीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला याद्या करायला आवडतात, हे तिथे फार लवकर सगळ्यांना कळलं होतं. कॉलेजात मी एनसीसीत होते. फायरिंग संपलं की प्रत्येकीने आपल्या रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी अख्खी तुकडी गवतात वाकून शोधत बसायची. मोजायची सवय तेव्हापासूनची.

इथला कायदा असा, की आमच्या पिस्तुलांच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, दहापेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. मोठ्या मॅगझिनमध्ये पिन ठोकून ती कायमची दहावर आणतात. मी एक वही सुरू केली. प्रत्येकाचं प्रत्येक मॅगझिन डमी, म्हणजे बिनदारूची, काडतुसं भरून बघायचं आणि लिहून ठेवायचं.

नवरा म्हणाला, "छान. आता माझे मोजे तरी मोजायचे थांबवशील."

क्लबात सगळ्यात जास्त हसले ते नेमबाजीवर देखरेख करणारे आमचे रेंज ऑफिसर. वय सत्तरीच्या पुढे. एनसीसीत पालथं पडून रायफल चालवलेल्या मला उभं राहून पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवलं. हसले, पण आपली चारही मॅगझिन्स टेबलावर सर्वात आधी आणून ठेवली त्यांनीच.

पुढच्या वर्षी पोलीस त्यांच्या घरी तपासणीला आले. एका मॅगझिनमध्ये अकरावं काडतूस गेलं. परवाना रद्द झाला, पिस्तूल जमा झालं. त्यांची बायको वारून सहा-सात महिनेच झाले होते.

"क्लबातली शनिवारची सकाळ काढून घेतली तर माझ्या आठवड्यात उरतं काय, मेट?" ते मला फोनवर म्हणाले. निर्णयाला ट्रायब्युनलमध्ये आव्हान द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. जोर लावून कोंबलेलं काडतूस क्षमतेत धरू नये, हा त्यांचा मुद्दा. पुरावा म्हणून माझी वही हवी होती.

मी वही उघडली. तीन ओळींपुढे 'दहा' आणि बरोबरची खूण. चौथीपुढे माझ्याच अक्षरात: 'दहा. अकरावं जोर लावल्यावर गेलं. पिन सैल. दुरुस्त करायला सांगितलं.' पुढे खूण नाही. मी परत बघितलंच नव्हतं.

"तेवढं पान काढून टाक ना," नवरा म्हणाला.

"पान काढलं तर ती वही कसली?"

मी त्यांच्या घरी जाऊन ती ओळ वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसून ती स्वतः एकदा वाचली. मग म्हणाले, "सगळी वही घेऊन चल."

सुनावणीत पोलिसांच्या वकिलाने नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे यांना माहीत होतं."

"हो," रेंज ऑफिसर म्हणाले. "तिने सांगितलं होतं. त्या आठवड्यात बायको हॉस्पिटलात होती. विसरलो."

निकाल देणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "इथे खूण का नाही?"

"ती माझी चूक. परत तपासायचं काम माझं होतं."

महिन्याभराने निकाल आला. क्षमतेचा मुद्दा बाईंनी फेटाळला: अकरा मावतात, तर ते मॅगझिन अकराचंच. ते परत मिळणार नाही. पण जो माणूस आपणहून मॅगझिन तपासायला आणतो आणि स्वतःच्या विरुद्ध जाणारं पान लपवत नाही, त्याच्या हाती परवाना द्यायला हरकत नाही. परवाना मिळाला.

वहीत मी 'परत बघितलं' असा नवा रकाना आखला. शनिवारी ते तीन मॅगझिन्स घेऊन आले. मी मोजली, तिन्हींपुढे खुणा केल्या. चौथ्या ओळीपुढे लिहिलं, 'जमा'.

"आणि तुझी कोण मोजतं?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही. इतक्या दिवसांत मला ते सुचलंही नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, माझं मॅगझिन घेतलं आणि एकेक डमी मोठ्याने मोजत भरली. दहा. अकरावी अंगठ्याने चांगली दाबून बघितली, गेली नाही. मग माझ्याच पेनाने माझ्या नावापुढे खूण करून खाली सही ठोकली.

"नो वरीज," म्हणाले, "दुसरं काढ."