टांग्याच्या पात्याचं धनुष्य

माझ्या सासरी, धारला, दसऱ्याच्या पहिल्या बाणाचा मान होता. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे केळीचा खांब रोवत, त्याला आपट्याच्या डहाळ्या बांधत, आणि आमच्या घरच्या कर्त्या पुरुषाने अलीकडच्या काठावरून बाण मारून तो खांब वेधला की मग सरकारस्वारी ओढा ओलांडायची. धनुष्य सज्ज करायला मुलाने मदत केली तर चाले, पण बाण सुटायचा तो कर्त्याच्याच हातून. त्याला जमलं नाही तर मान चुलत घराकडे जाणार, आणि एकदा गेला की परत येणार नाही. चुलत घरची माणसं वाईट नव्हती. फक्त दसरा जवळ आला की मामंजींच्या प्रकृतीची चौकशी जरा जास्तच मायेने करायची. मला त्यांचा राग यायचा, आणि खरं सांगते, अजूनही येतो.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, दरबारच्या सिलेखान्याचे दरोगा होते. तलवारी, भाले, जुन्या बंदुका, सगळं त्यांच्या ताब्यात. एका हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा हात लोळागोळा झाला. जीभ सुधारली, पाय सुधारला, हात काही उठेना. आता दोन हातांचं धनुष्य एका हाताने कसं ओढणार? लोकांनी मनातल्या मनात तो मान केव्हाच चुलत घरी पोचवून टाकला होता.

मामंजींनी मात्र सिलेखान्याच्या कोपऱ्यातून एक आडवं धनुष्य घरी आणलं. मी तसलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. बंदुकीसारखा लाकडी दस्ता, त्याच्या टोकाला आडवी बसवलेली कमान, वरून बाणासाठी पन्हळ, आणि खाली चाप. दोरी एकदा ओढून खुंटीत अडकवली की ती तशीच ताणलेली राहते. मग दस्ता बेचक्यावर टेकवायचा, नेम धरायचा, एका बोटाने चाप दाबायचा. "एक हात पुरे आहे," मामंजी म्हणाले. त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

अडचण एवढीच की कमान बांबूची होती. कधीकाळी डही गावाकडच्या भिल्लांकडून करवून घेतलेली, आता वाळून पार मवाळ झालेली. परसात चाचणी घेतली तर बाण बिचारा विहिरीपलीकडे जाऊन लोळला. ओढा तर त्याच्या दुप्पट रुंद. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

तेव्हा आमच्या ह्यांनी, माझ्या यजमानांनी, टांग्याची गोष्ट काढली. महूच्या रस्त्यावर मोडलेल्या एका टांग्याची पोलादी पाती लोहाराकडे पडली होती, चाकावरच्या कमानीची. ती बसवायची, की झालं. हे जात्याच उतावळे. सकाळी बोललेलं संध्याकाळी व्हायला हवं. मामंजींनी ते पातं मांडीवर घेतलं, उजव्या हाताने इकडून तिकडून चाचपलं आणि म्हणाले, "पातं बसेल रे. बाकीचं काय?"

बाकीचं म्हणजे काय ते मला पुढच्या पंधरवड्यात कळलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघत असे, आणि बघता बघता माझी भाकरी करपत असे. कमानीचा जोर वाढवला की तो जोर दुसऱ्या कुणीतरी सोसायला हवा. म्हणून दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टा चढला. खुंटी शिंगाची होती, ती काढून पोलादाची घातली. दोरी तर तिप्पट जाड वळली, तागाची, मेण घासून. पुढे पाय रोवायला रिकीब जडवली. पातंही लोहाराकडून घासून घासून पातळ करवलं. लोहार कुरकुरला, "दरोगासाब, इत्तो बारीक कायको? पूरो जोर रेने दो नी." मामंजी म्हणाले, "भिया, जोर तुला नको, मला नको, खांबाला हवाय. खांबापुरताच ठेव."

पहिल्या चाचणीला मामंजींनी कुणालाही धनुष्याजवळ उभं राहू दिलं नाही. दस्ता कडुलिंबाला बांधला, पात्याला गोणपाट गुंडाळलं, आणि दोरीला लांब सोल, म्हणजे मोटेचा जाड दोर, लावून भिंतीच्या आडून ओढायला लावलं. हे वैतागले. "बाबा, हे काय तोफेला घाबरल्यासारखं!" मामंजींनी सोलाचं टोक ह्यांच्या हातात दिलं. हे आणि गडी सोल ओढत गेले, आणि दोरी खुंटीपाशी पोचायच्या आत तुटली. आवाज असा झाला की गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. आम्ही जाऊन बघतो तर कडुलिंबाची साल वीतभर सोलून निघालेली, आत पांढरं लाकूड दिसत होतं. दोरीच्या तुटक्या टोकाने केलेलं ते काम. नेमकं तोंडाच्या उंचीवर. ह्यांचा चेहरा उतरला. साध्या तागाच्या दोरीत एवढं काही दडून बसलेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मामंजींनी त्या दिवशी नियम घालून दिला. धनुष्य सज्ज करायच्या आधी दर वेळी दोरीवरून अंगठा फिरवायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तो अंगठा मामंजींचाच. एक धागा जरी सुटा लागला तरी ओढायचं नाही. ओढायचं काम ह्यांचं होतं ना. पाय रिकिबीत, दोन्ही हात दोरीला, आणि तोंड बरोब्बर तिच्यावर वाकलेलं.

नवी दोरी टिकली. मग एका सकाळी ह्यांनी धनुष्य सज्ज केलं, मामंजींनी दस्ता बेचक्यावर टेकवला आणि चाप दाबला. बाण गेलेला मला दिसलाच नाही. इथे होता, आणि पुढच्या क्षणी परसाच्या टोकाला पुरलेल्या केळीच्या खांबातून आरपार जाऊन मागच्या मातीच्या बांधात पिसांपर्यंत रुतलेला होता. आम्ही सगळे बांधापाशी गेलो आणि नुसते बघत राहिलो. गडी बाण उपसायला लागला, निघेना. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. देवळात गेल्यावर बोलणं जसं आपोआप हळू होतं, तसे आम्ही सगळे हळू बोलत होतो. एका हाताचा माणूस, सगळ्यांनी मोडीत काढलेला, आणि त्याच्या एका बोटाने हे केलं. मामंजी मात्र बाणाकडे न बघता दोरी चाचपत होते.

सासूबाईंचं माहेर देवासचं. मामंजींचा हात गेला तेव्हाच त्या तिथल्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलल्या होत्या की यांचा मान राहू दे, मी शस्त्राला अभिषेक करीन. आमच्याकडे धारला खंडेनवमीला शस्त्रांना लांबूनच हळदकुंकू वाहत. देवासला त्यांच्या माहेरी शस्त्रांना पंचामृताची अंघोळ. तर त्या नवमीला सासूबाईंनी आपल्या माहेरच्या रीतीने, डोळ्यांतून पाणी गाळत, त्या धनुष्याला दूध, दही, तूप, मध, साखर सगळं घातलं. वरून पाण्याची धार धरली, पुसलं, फुलं वाहिली. पाण्याने पातं धुतलं गेलं, दस्ता धुतला गेला. तागाच्या वळलेल्या दोरीत मुरलेला मध कसा धुतला जाणार? हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही, मामंजींच्यासुद्धा. पूजा मांडली की शस्त्राला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ओढ्यावर नेऊनच वरचा शेला काढायचा, ही रीत. धनुष्य रात्रभर देवघरात राहिलं.

दसऱ्याला दुपारी आम्ही बायका दमणीत बसून ओढ्यापर्यंत गेलो. पडदा बाजूला सारून बघायची मुभा होती. ताशे वाजत होते, सरकारस्वारी हत्तीवर, चुलत घरचे लोक नव्या पागोट्यांत पुढच्या रांगेत. ह्यांनी शेला काढला, धनुष्य जमिनीवर उभं केलं, रिकिबीत पाय घातला. मामंजींनी हात वर केला. ताशे थांबले.

मग त्यांनी दोरीवरून अंगठा फिरवला. या टोकापासून निघाला आणि मधोमध थांबला. परत मागे आला, परत तिथेच थांबला. आमच्या दमणीपासून ते फार तर दहा पावलांवर होते. मला मामंजींचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि तो एकदम म्हातारा झाला.

हे हळूच म्हणाले, "ओढू?"

"नको."

"बाबा, एकदाच तर ओढायचंय. टिकेल. मी ओढतो."

"पाय काढ."

दुसरी दोरी चढवायला पातं लोहाराच्या शिकंज्यात घालून वाकवावं लागे, आणि शिकंजा गावात. मुहूर्त थोडाच थांबणार होता. हे सगळं मी माझ्याशीच बोलत होते, सासूबाई माझा हात गच्च धरून बसल्या होत्या आणि विचारत होत्या, "काय गं झालं? का थांबले?"

मामंजी स्वारीच्या दिशेने वळले. खणखणीत आवाजात, ताशेवाल्यांनाही ऐकू जावं असं म्हणाले, "सरकार, माझा हात चालत नाही. उजवाही चालत नाही. मान पुढच्या घरी द्यावा."

असं वाक्य त्यांच्या तोंडून निघेल हे कुणालाही खरं वाटलं नसतं. चुलत घरचा बाण सुटला, खांबाला लागला, लोक ओरडले. मामंजींनी सगळ्यांच्या आधी जयजयकार केला.

घरी परतल्यावर मी धनुष्य उचलून कोपऱ्यात ठेवत होते. हाताला दोरी चिकट लागली. खालच्या बाजूने, खुंटीत बसते तिथे, उंदरांनी तिचे निम्मे पदर कुरतडून टाकले होते. वरून काही दिसत नव्हतं. मुंग्या अजून चिकटून होत्या. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. दोघांना एकदमच कळलं. हे तिरमिरून माजघरात गेले, "आई, तुझ्या त्या पंचामृताने—"

"दोरीला काही झालं नव्हतं," मामंजी म्हणाले. एवढंच. ह्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. त्या दिवशी माझ्या नवऱ्याचे दोन्ही डोळे शाबूत होते ते कुणामुळे, हे मला तिथे उभ्या उभ्या उमगलं, आणि मला मामंजींच्या पाया पडावंसं वाटलं. पण पडले असते तर सासूबाईंनी कारण विचारलं असतं. संध्याकाळी मी ती दोरी चुलीत घातली.

पुढचा सगळा हिवाळा सासूबाई रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून त्यांच्या उजव्या हाताला चोळत बसत. "आज जरा बरा आहे का हो?" असं विचारत. मामंजी तो हात त्यांच्या मांडीवर ठेवून मुकाट्याने बसत आणि म्हणत, "हो, फरक आहे." त्या हाताला काही एक झालेलं नव्हतं.