सोळा सायकलींची साक्ष

शेजारच्या हॉटेलवाल्याने मला फसवलं, आणि सरपंचांनी त्यावर सही केली. पुढे माझीही थोडी लबाडी येईल, पण थोडीच.

पापडी गावच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान होतं. एक हातपंप आणि उसना पाना घेऊन मी झाडाखाली सुरुवात केली होती. पुढे वालीवच्या एका कारखान्याने मोडीत काढलेले पत्रे तीन दिवस घासाघीस करून उचलले आणि शेड उभी केली. सत्तरचं दशक संपता संपता माझ्याकडे भाड्याच्या सोळा सायकली झाल्या. दुकानापुढे दहा पावलांचं अंगण. सायकल उलटी करायची ती तिथे, पंक्चर काढायचं ते तिथे. त्या अंगणावर माझं पोट होतं.

शेजाऱ्याचं हॉटेल चार टेबलांचं, पण मिसळ अशी की होळी गावचे भाजी पिकवणारे वाडीवाले बाजारात भाजी टाकून थेट तिथे येत, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की अर्धं गाव तिथे. सगळे सायकलवर. हॉटेलपुढे त्याची स्वतःची मोकळी जागा होती, तिथे मावतील तेवढ्या सायकली लागत. उरलेल्या माझ्या अंगणात. त्या मी शिव्या घालत हलवायचो.

एक दिवस त्याने पंचायतीकडे अर्ज टाकला: त्या मोकळ्या जागेवर फॅमिली रूम बांधायची आहे. कोणाची हरकत असेल तर कळवा, अशी नोटीस लागली. मी त्याच संध्याकाळी लिहिलं, ‘तिथे खोली झाली तर गिऱ्हाइकांच्या सायकली कुठे लावणार? माझ्या डोक्यावर?’ शेवटचे दोन शब्द बायकोने खोडायला लावले.

हॉटेलवाला सरपंचांना म्हणाला, “साहेब, माझी गिऱ्हाइकं चालत येतात.”

सरपंच म्हणाले, “रविवारी मिस्सा सुटल्यावर स्वतः येऊन बघतो.”

रविवार आला. मिस्सा सुटली. आणि माणसं खरोखर चालत आली! एकाच्याही हातात सायकल नाही. वर्षानुवर्षं ज्या सायकलींना मी शिव्या दिल्या, त्यातली एक तरी दिसावी म्हणून मी रस्त्याकडे डोळे लावून उभा. एक ओळखीचे वाडीवाले काका हॉटेलातून बाहेर आले.

“काका, सायकल कुठाय?”

“चर्चच्या आवारात. सायकल तिथे ठेवून येईल त्याला आज एक वडा फुकट आहे,” ते म्हणाले. “तू नाही खाल्लास?”

माझं डोकं फिरलं. पाच मिनिटांत मी माझ्या सोळाच्या सोळा सायकली बाहेर काढल्या आणि हॉटेलच्या तोंडाशी लावल्या. नीट नाही, मुद्दाम वेड्यावाकड्या. दोन आडव्या पाडल्या. एकीच्या हँडलला भेंडीची पिशवी अडकवली, गिऱ्हाईक आत बसलंय असं वाटावं म्हणून.

बायको बाहेर आली. “अहो, हे काय?”

“पुरावा.”

“पुराव्याला माझी भेंडी कशाला?”

तेवढ्यात सरपंच स्कूटरवरून आले. स्कूटर लावून पुढे झाले आणि म्हणाले, “अरे बापरे, गर्दी आहे खरी.” मी नम्रपणे हात जोडले. एवढा नम्र मी लग्नातही नव्हतो.

हॉटेलवाला हात पुसत बाहेर आला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. वाकला तो सरळ पहिल्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर. भाड्याची सायकल कोणी परस्पर विकू नये म्हणून प्रत्येक दुकानदार मडगार्डवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवतो. मी तर दसऱ्याला, पूजेआधी, पिवळ्या रंगाने नवे रंगवले होते. पंधरा पावलांवरून वाचता येतील असे.

“एक नंबर,” तो मोठ्याने वाचू लागला. “चार नंबर... नऊ... साहेब, सगळी एकाच घरची लेकरं! अकरा नंबरला तर भेंडीही लागलीय.”

सरपंच हसले. वडे खाणारे हसले.

“मग वडे फुकट का वाटलेस ते सांग ना!” मी ओरडलो.

“रविवार आहे शेठ, पुण्य करतो. तुम्हीपण घ्या.”

मी नाही घेतला. बायकोने दोन घेतले.

पंचायतीचा शेरा आला: हॉटेलच्या गिऱ्हाइकांच्या वाहनांचा कोणालाही त्रास नाही, सायकल दुकानदाराने आपल्या सायकली शेडमध्ये ठेवाव्यात. गणपतीच्या आत फॅमिली रूम उभी राहिली. त्यानंतरच्या रविवारपासून सगळ्या सायकली माझ्या अंगणात, आणि मी शेडमध्ये पत्र्याला डोकं आपटत पंक्चर काढतोय. अशी कितीतरी वर्षं गेली.

हॉटेलवाल्याला मी जाब विचारत नाही. तो धंदेवाला, त्याच्या जागी मी तरी काय, दोन वडे दिले असते. पण त्या दिवशी हसणं संपल्यावर मी माझ्या सायकली आत न्यायला वळलो, तर शेडच्या दारात आडवी, स्टँडवर, हँडल लॉक करून सरपंचांची स्कूटर उभी! साहेब आत मिसळ खात होते. दुसऱ्यांदा पाव मागवून त्यांचं उरकेपर्यंत मी एक नंबरची सायकल हातात धरून उन्हात उभा होतो. शेऱ्यात त्या स्कूटरबद्दल एक अक्षर नाही.

सरपंच साहेब, तुमचं पद गेलं, पण रविवारची मिसळ सुटलेली नाही. मी बघतो ना. वाहनांचा त्रास नाही असं लिहिलंत, तेव्हा माझ्या दारात आडवी लावलेली ती स्कूटर कोणाची होती? लेखी उत्तर द्या. आणि द्यायला याल तेव्हा चालत या.