शेजारणीनं बोललेला नवस

नवस बोलली ती आणि चालायचं मात्र मी, हा कुठला न्याय, असं मी बायकोला शंभरदा विचारलं असेल. ती म्हणायची, मला काय विचारता, समोरचं दार ठोठावा.

झालं होतं असं की मला पॅरालिसिसचा झटका आला, तो सकाळी दात घासता घासता. डावी बाजू एकदम गेली आणि मी बेसिनखाली कोसळलो. बायकोचा आवाज ऐकून समोरच्या घरातली आँटी अनवाणी धावत आली. भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आँटीनं वॉचमनला हाक मारली, मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दोघांनी मिळून जिन्यानं खाली उतरवलं. वेळेवर आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं मला मागाहून कळलं.

नवसाचंही मागाहूनच कळलं. आँटी मूळची उत्तनची, ख्रिस्ती कोळ्यांची लेक. लग्न होऊन भाईंदरला आली, नवरा गेल्यापासून एकटीच राहते. मी आत ऑक्सिजनवर होतो तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिनं वेलंकनी मातेला सांगून टाकलं, की याला पायावर उभा कर, मी त्याला चालवत तुझ्या दारात आणते. वेलंकनीचं देऊळ उत्तनला, समुद्राकडे तोंड करून. सणाच्या दिवसांत आमच्या भागातून माणसं पहाटे निघून तिथवर चालत जातात. कुणी अनवाणी, कुणी माळ जपत, तरुण पोरं गाणी म्हणत. त्यात आपले हिंदूही पुष्कळ असतात. मी मात्र कधी गेलो नव्हतो. एक तर आम्ही रत्नागिरीकडचे, आमचे देव आम्हाला पुरे. दुसरं म्हणजे हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात सुपरवायझर होतो, रविवारी झोप काढायची एवढाच माझा धर्म.

बरं, आँटीशी माझं गूळपीठ होतं असंही नाही. तिच्या दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवरून आमची वर्षानुवर्षं धुसफुस चाललेली. आणि ही बाई माझ्या नावानं नवस बोलते?

सहा महिने मी दाद दिली नाही. काठी टेकत घरातल्या घरात चालायला लागलो, पण डावा हात लोंबतच राहिला, बोटं मिटलेली. चिडचिड तर विचारू नका. आँटी मात्र दोन दिवसांआड डबा पाठवायची. बोंबलाचं कालवण, कधी मांदेली, कधी कोलिम म्हणजे बारीक जवळा. मी हादडायचो. आजारात तेवढं एकच सुख होतं.

एका संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे फणकारलो, "मला नाही कुठे जायचं. तिचा नवस, ती फेडेल." बायको कणीक मळत होती. परातीतून हात काढून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ती मासे खात नाहीये," बायको म्हणाली. "तुम्हाला झटका आला त्या दिवसापासून. तुम्ही चालत वेलंकनीला जाईपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही, असं बोललीय. उत्तनची कोळीण आहे ती. उपासाच्या दिवसांत ती लोकं मटण सोडतात, पण मासळी नाही सोडत. ही रोज डाळ-भात खातेय. तुम्हाला कालवण पाठवते ना, ते चाखत सुद्धा नाही. मीठ बघायला मला हाक मारते."

 समोरच्या ताटात तिनंच पाठवलेला बोंबील होता. तो मी तसाच बाजूला सारला.

सकाळी मी समोरचं दार ठोठावलं. "आँटी, जाऊया," म्हटलं. "पण माझ्याच्यानं एका दमात व्हायचं नाही."

"एका दमात कोन सांगतंय, बाला?" ती म्हणाली. ती मला बाला म्हणते, माझे केस तिच्याइतकेच पिकलेत तरी. "रोज थोरा थोरा चाल. माता काय कुठं पलून जात न्हाय."

पण रोज तिला जमणारं नव्हतं आणि मलाही. ठरलं ते असं: दर रविवारी जमेल तेवढं चालायचं, थकलो की थांबायचं, आणि पुढच्या रविवारी बसनं त्याच जागी उतरून तिथून पुढे निघायचं. पहिल्या रविवारी आँटी, बायको आणि मी अशी आमची स्वारी जेमतेम रेल्वे ओलांडून पश्चिमेला पोहोचली. रेशनच्या दुकानाच्या पायरीवर मी बसकण मारली आणि म्हणालो, हे असं गेलो तर नातवंडांच्या लग्नाला पोहोचू. आँटीनं पायरीकडे नीट बघून घेतलं. पुढच्या खेपेला इथूनच, म्हणाली.

हळूहळू मुर्धा आलं, मग राई. इतकी वर्षं भाईंदरात काढली, पण या गावांतून मी फक्त बसच्या खिडकीतून गेलो होतो. राईत एका आगरी म्हातारीनं आम्हाला येताना बघून न विचारता ओट्यावर खुर्ची आणून ठेवली. पुढच्या रविवारी आम्ही तिथून निघालो तेव्हा तिनं चहाही ठेवला होता. कुठे निघालात, का निघालात, काही नाही. "दमलास काय रं?" एवढंच. त्या रस्त्यानं मला जे जे मिळालं ते कुणी माझं देणं लागत नव्हतं, आणि तरी ते मिळालं, याचं मला अजून नवल वाटतं.

मोर्वा गावाच्या अलीकडे मात्र गडबड झाली. आदल्या खेपेला आम्ही रस्त्याखालच्या एका मोरीपाशी थांबलो होतो. त्या रविवारी बसला गर्दी, बायको पुढच्या दाराशी, मी मागे. मोरी कधी गेली कळलंच नाही. पुढच्या स्टॉपवर उतरलो तर आँटी म्हणाली, "जाऊ दे रे, एवढ्याशानं काय व्हतं? माता समजून घेल."

आणि मी, जो नवसाची टिंगल करत होतो, मी तिथेच अडून बसलो. मागे जायचं म्हणजे जायचं. मधला तुकडा सुटला आणि नवस पुरा धरला गेला नाही तर? ही बाई जन्मभर डाळ-भात खाणार? माझ्या डोक्यात तेवढंच होतं, पण मी ते बोललो नाही. बायको म्हणाली, मागे चालत जाऊन परत पुढे येणार, तुमच्या पायाला झेपेल का? मग रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "काका, उत्तन तो आगे है, आप पीछे क्यों जा रहे हो?" मी म्हटलं, "भाई, चलने के लिए जा रहा हूँ." त्यानं माझ्या काठीकडे बघितलं, पायाकडे बघितलं, आणि गुपचूप रिक्षा वळवली. त्या दिवशी आम्ही मोरीपासून त्या स्टॉपपर्यंतच पोहोचलो, एक पाऊल पुढे नाही. आँटी सगळा वेळ तोंडावर रुमाल धरून हसत होती.

डोंगरीच्या चढावर माझा पाय आखडला. दोन रविवार फुकट गेले. तिसऱ्या रविवारी अर्ध्या चढावर मी कठड्यावर बसलो आणि रडकुंडीला येऊन म्हणालो, "आँटी, तुम्ही मासे खा. माझ्याकडून नवस सुटला म्हणा."

"तू कोन सोरवनारा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. माझ्या शेजारी बसून तिनं माळ काढली आणि पुटपुटत राहिली. चर्चमधून परतणारी दोन-तीन कुटुंबं थांबली, चौकशी करून गेली. बायको माझी पोटरी चोळत होती. बऱ्याच वेळानं मी उठलो. काठी टेकत टेकत चढ संपवला.

शेवटच्या रविवारी समुद्राचा वारा लागला तेव्हाच आँटीची चाल बदलली, आमच्या पुढे पुढे जायला लागली, मग लाजून थांबायची. देवळाच्या दाराशी मात्र ती बाजूला झाली. "माझं काम इथवर," म्हणाली. "आत तू जा."

आत मेणबत्त्या जळत होत्या. कुणी मेणाचा पाय वाहिला होता, कुणी मेणाचं बाळ. मला ख्रिस्ती प्रार्थना येत नाही. डाव्या हाताबद्दल बोलायचं, असं वाटेत घोकलं होतं, कारण हाताशिवाय मला गाळ्यात कोण घेणार? पण तिथे उभा राहिलो आणि तोंडातून निघालं ते इतकंच: आई, हिला माझ्या समोरच्या दारात ठेवलंस, उपकार झाले. दोनदा म्हटलं. मग बाहेर आलो.

बायकोनं रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर डबा उघडला होता. पहाटे उठून तिनं बोंबील तळले होते. आँटीनं क्रुसाची खूण केली, एक बोंबील उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. आमच्याकडे बघतही नव्हती. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण कुणाला असं खाताना मी कधी पाहिलं नाही. आमची दोघांची तर भूकच मेली होती, नुसते बघत बसलो होतो.

चौथ्या बोंबलानंतर ती माझ्या बायकोला म्हणाली, "पोरी, रवा किती लावलास? रव्यातून बोंबील हुरकावा लागतंय." बायको हसायला गेली आणि तिला रडू फुटलं.

आँटीनं हात धुतला, रुमालाला पुसला आणि माझ्या मिटलेल्या बोटांकडे टक लावून बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि परत देवळाकडे निघाली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"हाताचं राह्यलं ना," ती म्हणाली. "आलेच नवस बोलून."

मी काठी आडवी धरली. हात परत यावा असं मला वाटत नव्हतं थोडंच? जागेपणी दुसरं काही डोक्यात नसायचं, आजही नसतं. पण मी म्हणालो, "आँटी, नको. हात असू दे तसाच. बसा तुम्ही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काठी हलवली नाही. शेवटी पुटपुटत ती कट्ट्यावर येऊन बसली, आणि डब्यात उरलेला बोंबील मी उजव्या हातानं तिच्यापुढे केला.