साहेबांच्या टीपॉयवरचा जर्मन बिल्ला

मी जर्मन शिकले ती सूड उगवण्यासाठी. विद्यार्थी विचारायचे, मॅडम, तुम्ही या भाषेकडे कशा वळलात, तेव्हा मी आवड वगैरे सांगून वेळ मारून न्यायचे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. वडिलांचा मखमलाबादला गुलाबाचा आणि झेंडूचा मळा होता. मध्यस्थाने कॉलेज रोडवरचं एक स्थळ आणलं, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याचा मुलगा. रीतीप्रमाणे त्यांनी आमच्याकडे यायला हवं होतं, पण साहेबांचा निरोप आला की मुलीला इकडेच घेऊन या. वडील मला घेऊन गेले. सोबत मळ्यातल्या गुलाबांची टोपली होती. ती दाराशीच राहिली, कुणी आत नेली नाही.

मान खाली घालून बस, असं आईने बजावलं होतं. माझ्यासमोर काचेचा टीपॉय होता आणि त्यावर मखमली डबीत एक पितळी बिल्ला. पाऊण तास मी तेवढाच बघत बसले. पंख पसरलेला गरुड, खाली एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन बंदुका, मध्ये नेम धरायचं वर्तुळ. कडेने इंग्रजीसारखी अक्षरं, पण एका यूच्या डोक्यावर दोन टिंबं. शेवटी गावाचं नाव. सगळं पाठ झालं.

साहेब सांगत होते की त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात लढले आणि मेलेल्या जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवरून त्यांनी हे शौर्यपदक काढून आणलं. माझ्या वडिलांना भारी कौतुक वाटलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं. साहेबांनी ते त्यांच्याकडून काढून घेतलं, खिशातला रुमाल काढला आणि आमच्या देखत पुसलं.

"मातीचे हात लागले की पितळ काळं पडतं," ते म्हणाले.

मुलगा शेजारीच बसला होता. त्याने डबी पुढे केली.

नकार मध्यस्थाकरवी आला. लढवय्यांच्या घराला फुलं विकणाऱ्यांची सोयरीक शोभायची नाही, असा.  त्यानंतर वडील कुणाच्या घरी गेले की हात पाठीमागे बांधून बसायचे. मला ते बघवायचं नाही.

शहरात संध्याकाळी जर्मनचा वर्ग चालायचा, तिथे मी नाव घातलं. महिन्याभरात बाईंना कागदावर ती अक्षरं काढून दाखवली. त्या म्हणाल्या, "शुत्सेनफेस्ट. शुत्सेन म्हणजे नेमबाज, फेस्ट म्हणजे उत्सव. कुठल्या तरी जत्रेतला बिल्ला दिसतोय." त्या दिवशी मी बस सोडून पायी घरी आले. इतका आनंद झाला होता की बसवत नव्हतं.

पण तेवढ्यावर माणूस खोटा पडत नाही. पदकावर नेमबाजाचा उल्लेख असणारच, असं तो म्हणाला असता. गावाचं नाव डेव्हनपोर्ट होतं आणि ते जर्मनीच्या नकाशात कुठेच सापडेना. वर्षं गेली. माझं लग्न झालं, मीच जर्मन शिकवायला लागले. मग गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, आणि तिथे ते गाव मला अमेरिकेत सापडलं. मी आठवणीतून बिल्ल्याचं चित्र काढलं, स्कॅन केलं आणि तिथल्या एका वस्तुसंग्रहालयाला जर्मनमध्ये पत्र लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं. सोबत फोटो होता, तोच गरुड, तोच यू. पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या जर्मन लोकांनी तिकडे नेमबाजीची मंडळं काढली होती. त्यांचा उत्सव भरायचा, लाकडाचा पक्षी उंच खांबावर बांधून तो पाडायचा, बँड वाजायचा, बायकापोरांसह बिअर आणि जेवणावळी. येईल त्याला आठवण म्हणून हा बिल्ला मिळायचा.

मी तो कागद जपून ठेवला. दोन-अडीच वर्षांनी वर्तमानपत्रात जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाची बातमी आली. त्यात साहेबांचं नाव होतं आणि शौर्यपदकाचाही उल्लेख.

रविवारी मी माझा अख्खा वर्ग घेऊन गेले. साहेब थकले होते, पण टेबलामागे ताठ बसले होते. मी नम्रपणे म्हटलं की मुलांना पदकाची हकिकत ऐकायची आहे. त्यांनी सांगायला सुरुवात केली. मी मध्येच अडवलं नाही. गर्दी जमू दिली.

"पदकावर रक्त असेल ना हो तेव्हा?" मी विचारलं.

"होतं तर. मी लहानपणी स्वतः डाग पाहिलेत."

मग मी पर्समधून कागद काढला आणि मराठीत करून वाचला. लाकडी पक्षी, बँड, बिअर, सगळं, सावकाश. कुणीतरी मागे हसलं. साहेबांनी कागद मागून घेतला, फोटो डबीशेजारी धरून बघितला. 

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

मी मखमलाबादचं, वडिलांचं, रुमालाचं सांगितलं. त्यांना काहीच आठवत नव्हतं. याची मी तयारी केली नव्हती, आणि माझा राग तिथे दुप्पट झाला. मुलगा मागे उभा होता, टक्कल पडलेला. त्याला आठवत होतं. त्याने मान खाली घातली.

नंतर माझ्या मनात आलं की स्वतःच्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट त्या माणसाने खरी मानली असेल. देवळालीच्या कॅम्पात जुन्या बाजारात असल्या वस्तू मिळायच्या, तिथून ती घरात आली असेल. त्यात साहेबांचा काय दोष? पण रक्ताच्या डागांची थाप त्यांची स्वतःची होती. मला वाईट वाटलं नाही.

माहेरी जाऊन वडिलांना सांगितलं. झालं गेलं विसरून जा, असं काहीतरी ते म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"रगताचं त्यानं सोताहून सांगितलं का तू विचारलं?"

"मी विचारलं."

"लय बरं केलं," ते म्हणाले आणि आईला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. मग मला म्हणाले, "आता पयल्यापासून सांग. त्याचं तोंड कसं झालं ते नीट सांग."

मी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मामा आले, तेव्हा पुन्हा सांगितलं.