डॉक्टर रचनाची एका जागेची फेलोशिप

नवजात बाळांच्या मेंदूच्या उपचारांची फेलोशिप गोंदियात सुरू करायची, असं डॉ. रचना गजभियेने ठरवलं तेव्हा नागपूरच्या जुन्या सहकाऱ्यांनी आधी हसून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, "अगं, तिथं येणार कोण?"

घरी आईने, कुसुमबाईने, वेगळंच विचारलं. "फेलोशिप म्हणजे का होय वं?"

"लहान पोराईचे जे डॉक्टर झाले ना आई, त्याईले आणखी एक वर्ष शिकवाचं. बाळ जन्मताना गुदमरलं, झटके आले, तर त्याचा मेंदू कसा वाचवाचा ते."

"इतकं शिकूनही येत नाही त्याईले?"

"नाही येत."

 कुसुमबाईची नजर आपसूक प्रफुल्लकडे गेली.

प्रफुल्ल रचनाचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा बराच वेळ रडलाच नव्हता. आता चाळिशीला टेकला होता. हातपाय ताठर, एकेक शब्द ओढून आणावा तसं बोलणं. डोकं मात्र तल्लख आणि जीभ त्याहून तिखट. रचना याच कामात का पडली, हे तिला कधी कुणाला सांगावं लागलं नाही. घरी आलेल्या माणसाला ते दिसायचंच.

ती काम करायची त्या ट्रस्टच्या दवाखान्याने बऱ्याच खटपटीनंतर एक जागा मंजूर केली. अर्जही एकच आला, डॉ. दुर्गेश्वरी रहांगडाले हिचा. घराणं जवळच्याच तिरोड्याकडचं, पण पोरगी वाढली नागपुरात. गुणांना तोड नव्हती. रचनाने तिला घरी जेवायला बोलावलं. पानावर बसल्यावर प्रफुल्लने विचारायला सुरुवात केली, "तुमाले... किरकेट..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच दुर्गेश्वरी रचनाकडे वळली. "यांना काय हवंय, मॅडम?"

रचनाच्या काळजात काहीतरी टोचलं.  पाहुणी गेल्यावर प्रफुल्लनेच निकाल दिला. "पास... कर. पण... काठावर."

दुर्गेश्वरीचा हात कामावर चांगला बसला. बाळाच्या डोक्याला लावलेल्या तारांवरून मेंदूची लहर वाचणं असो की सुईएवढी शीर शोधणं असो, एकदा दाखवलं की पुरे. बापांशी, आज्यांशी बोलायची वेळ आली की मात्र ती पुस्तकासारखी बोलायची.

शेतातली भातं निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या तेव्हा जिल्ह्यातल्याच गोरेगावकडून एक नवजात मुलगी आली. नाळेचा फास बसलेला, जन्मल्यावर रडलीच नाही, वाटेत झटका आलेला. सोबत बाप भुपेंद्र आणि आजी देवकाबाई. आई शामकला तिकडच्याच दवाखान्यात टाके घेऊन पडलेली. अशा बाळाला पहिल्या काही तासांतच थंड पाण्याच्या गादीवर ठेवावं लागतं. तीन दिवस अंग थंड ठेवायचं, म्हणजे मेंदूची हानी पसरत नाही. दुर्गेश्वरीने सगळं बिनचूक केलं. रचना नुसती पाठीशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी शामकला भिंत धरत धरत आली. लेकीच्या पावलाला बोट लावलं आणि किंचाळली, "थंडी पडली जी माही पोरगी! मरून गेली अन् मले कोणी सांगितलं नाही!"

"नाही, नाही. तापमान मुद्दाम कमी ठेवलंय," दुर्गेश्वरी घाईने म्हणाली. "अभ्यासांमध्ये असं दिसलंय की धोका बराच..."

तोवर देवकाबाईने खांद्यावरची शाल काढून बाळावर घातली होती. दुर्गेश्वरीने तिचं मनगट धरलं. "आजी, हात लावू नका!"

देवकाबाई शाल छातीशी घेऊन बाहेर निघून गेली.

रचनाने दुर्गेश्वरीला बाजूला घेतलं. "खुर्ची घे आणि शामकलाजवळ बस. समजावू नकोस. ती विचारेल तेवढंच सांग."

"आणि नाहीच विचारलं तर?"

"तरी बस."

काचेपलीकडून रचना पाहत होती. दोघी बराच वेळ नुसत्या बसून होत्या. दुर्गेश्वरीने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग शामकलाच म्हणाली, "तिले हिव वाजत असन का?"

"वाजू नये, दुखू नये म्हणून औषध चालू आहे."

"मंग असं थंडं काऊन ठेवून राहिले?"

दुर्गेश्वरीने खुर्ची आणखी जवळ ओढली. "बाहेर येताना श्वास कोंडला तिचा. मेंदू लय थकला आहे. थंडाव्यात त्याले काम कमी पडते. विसावा झाला की हळूहळू ऊब देऊ."

"मी हात ठेवू?"

दुर्गेश्वरीने स्वतःच तिचा तळवा बाळाच्या कपाळावर ठेवला. मग बाहेर जाऊन देवकाबाईशी तिच्या पोवारी बोलीत मोडकंतोडकं बोलू लागली. लहानपणी स्वतःच्या आजीशी बोलायची तेवढीच तिला येत होती. तिच्या चुका ऐकून म्हातारीला त्या अवस्थेतही हसू फुटलं, आणि शाल घडी होऊन पिशवीत गेली.

ऊब दिल्यावर मुलीने डोळे उघडले. पुढे काही दिवसांनी ती आईच्या अंगावर प्यायला लागली. रचनाने घरी हे सांगितलं तेव्हा कुसुमबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"तवा असं मशीन राहतं, तं आपला प्रफुल्ल..."

हा प्रश्न रचनाने स्वतःला आयुष्यभर विचारला होता. आईच्या तोंडून तो आज पहिल्यांदाच आला. "हो आई. कदाचित."

कुसुमबाईचे डोळे भरले. तेवढ्यात प्रफुल्ल म्हणाला, "तं मी... ओपनिंगले... गेलो असतो. अन्... पयल्याच... बॉलले..." पुढचं त्याला हसण्यामुळे बोलताच येईना. कुसुमबाईने त्याला पदराने मारलं, तिघंही हसली. मग रचना पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली आणि मोकळेपणी रडून आली.

तपासणीला शामकला दर वेळी यायची. मुलगी बसायला लागली, ओळखीचं हसायला लागली, पण डावी मूठ उशिरा उघडायची.

"सारं बरोबर होईन ना जी?"

दुर्गेश्वरीने खोटा दिलासा दिला नाही. "डावा हात थोडा मागं राहील बहुतेक. व्यायाम करत राहू. किती सुधारेल, ते आज मलेही सांगता येत नाही."

शामकलाने ती मूठ आपल्या हातात घेतली. "राहू द्या. उजव्यानंच लय मारते मले."

वर्ष संपलं. दुर्गेश्वरीला चंद्रपूरच्या एका दवाखान्यात जागा मिळाली आणि ती गेली. तिने राहावं असं रचनाला फार वाटत होतं, पण तसं ती बोलली नाही. आता फेलोशिपला तीन अर्ज आले होते. ते चाळत बसली असताना एका दुपारी फोन वाजला.

"मॅडम, इथलं पहिलं बाळ थंड गादीवर घेतलंय. सगळं नीट चाललंय. आई आली आहे, तिच्याशी बोलायला जाते. तुम्ही नुसत्या लाइनवर राहा."

रचनाने अर्ज बाजूला सारले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी हुंदके देत होतं. दुर्गेश्वरी काहीच बोलत नव्हती. फोन कानाला लावून रचनाही तशीच बसून राहिली.